घरचा वाफा

पाणी प्यायच्या आधी पेला उजेडासमोर धरायचा, एक डोळा बारीक करायचा, आत काही तरंगत नाही ना ते पाहायचं आणि मगच ओठाला लावायचा, ही त्याची सवय. घरी चालून जाईल, पण लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हाही त्याने हेच केलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि आत जाऊन मुलीला म्हणाल्या, "तुझे नितळराव आलेत हं." ते नाव असं चिकटलं की पुढे नोकरीच्या ठिकाणीही साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याला नितळरावच म्हणू लागले. त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं आहे.

नोकरी होती शहराचं पाणी गाळायची. नदीचं पाणी ज्या बैठ्या इमारतीत येऊन तुरटी, वाळू आणि क्लोरीन अशा तीन संस्कारांतून जातं, तिथे नितळराव सकाळपाळीला असायचा. नदीतून जिथे पाणी आत येतं तिथे त्याने एक काचेची पेटी ठेवली होती. तिच्यातून न गाळलेलं पाणी सतत वाहायचं आणि त्यात बोटाएवढे मासे फिरायचे. ही युक्ती त्याची नव्हे, त्याच्या आधीच्या माणसाची, आणि त्याच्याही आधीच्या कुणाची तरी. पाण्यात काही भलतंसलतं आलं की प्रयोगशाळेच्या आधी माशांना कळतं. नितळराव कामावर आला की आधी माशांना बघायचा, मग हजेरी लावायचा.

त्याचे दोन्ही जीव या नदीवर होते. खालच्या अंगाला नोकरी आणि वरच्या अंगाला वहिनी.

वहिनीबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थोरला भाऊ लग्न करून तिला घेऊन आला तेव्हा नितळराव नाक पुसायच्या वयाचा होता, आईवेगळा. वहिनीने त्याला पहिल्या दिवसापासून "भावजी, तुम्ही" म्हटलं आणि त्याने तिला पहिल्या दिवसापासून "वहिनी, तू" म्हटलं. तो उलटा मान अजून चालू आहे. तिने त्याला भरवलं, दटावलं, शाळेत घातलं, तापात रात्ररात्र उशाशी बसली. पुढे भाऊ गेला. वहिनी मागे हटली नाही. नदीकाठचं शेत ती एकटीच बघू लागली, हंगामात दोन बायका मदतीला घेऊन. शेतात फ्लॉवर. तो पांढरा राहावा म्हणून गड्ड्यावर त्याचीच पानं ओढून बांधतात. त्यासाठी वहिनी जुन्या चादरी फाडून चिंध्या करायची.

आणि शेताच्या टोकाला, अगदी नदीला लागून, घरचा वाफा. पालक, मुळा, कोथिंबीर, चार टोमॅटोची झाडं, कोबीचे पाचसहा गड्डे. त्यात औषधाचा थेंब पडत नसे. शेतकरी कीडनाशकाला औषधच म्हणतात, आणि फवारण्याला मारणं. "फ्लॉवरला औषध मारलं" हे वाक्य वहिनी "चहा घेतला" इतक्या सहज बोलायची. पण वाफ्याकडे औषधाचा पंप घेऊन कुणी फिरकलेलं तिला चालत नसे. त्या वाफ्यातली एक पिशवी दर आठवड्याला दूधवाल्याच्या गाडीतून नितळरावाच्या घरी येई.

आता इथे जरा घोटाळा आहे. ती पिशवी घरी येई, पण ताटात येत नसे.

झालं होतं असं, की एकदा नितळरावाच्या बायकोने कोबी चिरायला घेतला आणि पानातून एक हिरवी अळी निघून, काही घाई नसल्यासारखी, ओट्यावरून चालत गेली. बायको स्टुलावर चढली. त्या दिवसापासून पिशवी आली की ती तशीच शेजारणीकडे जाई, कारण शेजारणीने ससे पाळले होते. त्या शहरात शेजारणीच्या सशांइतकं शुद्ध अन्न कुणीच खात नसेल. बायको मग बाजारात जाऊन पांढराधोप, डाग नसलेला फ्लॉवर आणायची. एके दिवशी त्या फ्लॉवरच्या देठाला निळ्या चौकड्यांची चिंधी चिकटून राहिलेली नितळरावाला दिसली. लहानपणी तो त्याच चादरीवर झोपायचा. त्याने चिंधी खिशात घातली आणि जेवून घेतलं.

बायको काही वाईट नव्हती. उलट विषमुक्त अन्नासाठी सह्या गोळा करणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत पुढे होती. "अहो, लोक काय काय खाऊ घालतात आपल्याला," ती म्हणायची. नितळराव "हं" म्हणायचा. वहिनीला सांगावं तर ती दुखावेल, बायकोला सांगावं तर ती फ्लॉवरही बंद करेल, मग खायचं काय? त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवले होते, आणि मधून पाणी वाहत होतं.

असं चाललं असतंही जन्मभर. पण एका सकाळी, रात्री चांगली सर येऊन गेल्यावर, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. काही उलटे झाले होते. नितळरावाने आत येणारं पाणी ताबडतोब बंद केलं. शहरात दुपारपर्यंत नळ कोरडे, आणि फोनवर लोकांनी त्याचा उद्धार केला तो वेगळाच. प्रयोगशाळेने सांगितलं, पाण्यात फवारणीच्या औषधाचा अंश आहे, पण कुणाच्या शेतातला ते सांगता येत नाही. काठावर शेतं काय कमी आहेत?

पण आदल्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला होता. "आज दिवसभर फ्लॉवरला औषध मारलं, भावजी. खांदे भरून आलेत."

हे त्याने साहेबांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. मेलेले मासे त्याने कुंपणाजवळ पुरले आणि त्या दिवशी चहा प्यायला नाही. त्याला खूप अपराधी वाटत होतं आणि नेमका कुणाचा अपराध तेच कळत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने नियमाचा मसुदा काढला. नदीच्या दोन्ही काठांनी एक पट्टा मोकळा सोडायचा. त्यात नांगर नाही, पेरणी नाही, फवारणी नाही. नुसतं गवत आणि झाडं वाढू द्यायची, म्हणजे शेतातलं खत आणि औषध गवतात अडेल, नदीत उतरणार नाही. नियम करण्याआधी लोकांचं मत घ्यायचं ठरलं. शहरातल्या सभागृहात शेतकरी आणि नागरिक दोघांनाही बोलावलं. नितळराव फिल्टरवर काम करणारा, म्हणून त्याच्या मताकडे सगळ्यांचं लक्ष असणार हे साहेबांनी त्याला दोनदा ऐकवलं.

त्याच्या डोक्याचा भुगा झाला. हात वर करावा तर वहिनीची जमीन जाते. न करावा तर उद्या पुन्हा मासे उलटे. सुट्टीच्या दिवशी तो दोर घेऊन शेतावर गेला.

"किती जातं ते एकदा बघू तरी," तो म्हणाला.

"बघा," वहिनी म्हणाली आणि खुंट्या ठोकायला दगड शोधू लागली.

नियमात दिलेल्या मापाचा दोर त्यांनी काठापासून ताणला. एक टोक तिच्या हातात, एक याच्या. ताणत ताणत दोर जिथे संपला तिथे बांध होता. बांधाच्या अलीकडे घरचा वाफा, पलीकडे फ्लॉवर. एका रोपाचाही फरक नाही, जणू मोजणाऱ्याने इथे येऊनच माप ठरवलं होतं.

नितळरावाच्या छातीवरचा दगड उतरला. फ्लॉवर वाचला. वहिनीचं पोट ज्यावर चालतं ते सगळंच्या सगळं वाचलं. गेला तर नुसता वाफा, आणि वाफ्याची भाजी तर शेवटी सशांच्याच पोटात जात होती. त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसला. वहिनी हसली नाही. दोर गुंडाळत ती वाफ्याकडे बघत उभी राहिली.

"मग तुम्ही काय करणार, भावजी?"

"बघतो. तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणणार? तुमच्या मनाला येईल ते करा."

आता बाईमाणूस "तुमच्या मनाला येईल ते करा" म्हणते तेव्हा ती परवानगी नसते, हे लग्न झालेल्या पुरुषाला तरी कळायला हवं. पण नितळरावाने ती परवानगीच समजली, आणि निघताना कोबीची पिशवी हातात घेतली.

सभेच्या दिवशी सभागृहात खुर्च्या दोन भागांत मांडल्या होत्या. डावीकडे शेतकरी, उजवीकडे नागरिक, मधून जायला वाट. नितळराव दाराशी अडला. डावीकडून वहिनीच्या शेजारच्या शेतकऱ्याने हाक मारली, उजवीकडून बायकोने पिशवी ठेवून धरलेली जागा दाखवली. तो बायकोशेजारी बसला, पण कडेच्या खुर्चीवर, एक पाय मधल्या वाटेत टाकून.

अधिकारी बाई तरुण आणि मनमिळाऊ होत्या. सुरुवात गोडीत व्हावी म्हणून त्यांनी सोपे प्रश्न घेतले. "नदी स्वच्छ असावी असं कुणाकुणाला वाटतं?" दोन्हीकडचे सगळे हात वर. बाई खूष. "शेतकऱ्याला आधार मिळायला हवा असं कुणाला वाटतं?" पुन्हा सगळे हात वर. "भाजी स्वस्त असावी?" उजवीकडचे सगळे हात, आणि डावीकडचेही बरेच, कारण शेतकरीही सगळ्याच भाज्या काही स्वतः पिकवत नाही. "अन्नात विष नको?" सगळे. "सरकारने शेतीत ढवळाढवळ करू नये?" सगळे. "सरकारने या बाबतीत काहीतरी करायला हवं?" त्यालाही सगळे. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आपण जरा चर्चा करू."

चर्चा म्हणजे काय होते ते सर्वांना माहीत आहे. एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांच्या लहानपणी नदीचं पाणी ओंजळीने पीत असत ते सांगत राहिले. एका शेतकऱ्याने विचारलं, "आम्ही विष मारतो म्हणता, मग भाजीत एक भोक दिसलं की गड्डा परत का ठेवता?"

"आम्हाला अळीही नको आणि औषधही नको," नितळरावाची बायको उठून म्हणाली.

"मग ताई, भाजीचं चित्र खा," शेतकरी म्हणाला. दोन्हीकडचे लोक हसले. बायको लाल होऊन बसली.

मग दुसरा एक शेतकरी उठला. आपल्या विहिरीचं पाणी आपण मुलांना देत नाही, बाटल्यांचं आणतो, असं त्याने खाली बघत सांगितलं. "म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या बाजूने?" अधिकारी बाईंनी आशेने विचारलं.

"नाही, विरोधात," तो म्हणाला आणि बसला.

नितळराव ऐकत होता आणि त्याला प्रत्येकाचं पटत होतं. शिक्षकांचं पटलं, बायकोचं पटलं, चित्र खा म्हणणाऱ्याचं तर फारच पटलं. असा माणूस कुठल्याच बाजूच्या कामाचा नसतो. शेवटी बाईंनी मूळ प्रश्न विचारला, काठाचा पट्टा मोकळा सोडावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. नितळरावाच्या डोळ्यांपुढे उलटे झालेले मासे आले. फ्लॉवर तर वाचतोच आहे, असं त्याने मनाला पुन्हा एकदा सांगितलं. त्याचा हात वर गेला.

डावीकडून कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणालं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोय बघा."

वहिनी त्याच्याकडेच बघत होती. विरोधातले हात मोजले तेव्हाही तिने हात वर केला नाही.

बाहेर फाटकापाशी त्याने तिला गाठलं. बायको मागे सह्यांच्या बायकांत अडकली होती.

"वहिनी, तुझा फ्लॉवर वाचला. मोजलं होतं ना आपण. नुसता वाफाच जातोय."

"हो. नुसता वाफा."

"तू रागावलीस."

"रागावू कशाला? पण भावजी, फ्लॉवर माझा कधी होता? तो बाजाराचा. त्यातलं एक फूल मी तोंडात घालत नाही. मारलेलं बघितल्यावर घशाखाली उतरत नाही. मी जेवते ते वाफ्यातलं, आणि तुम्ही जेवता ते. बाकीचं सगळं दुनियेसाठी."

नितळराव खिशातली चिंधी चाचपत राहिला. ससे त्याच्या ओठांपर्यंत आले आणि परत गेले.

"वर कर ना दुसरा वाफा. बांधाच्या पलीकडे."

"वर वारा आहे. वारा नदीकडून येतो, म्हणून काठाला औषध येत नाही. वर कुठेही वाफा केला तरी फवारा त्याच्यावर जाणारच."

मग त्याने सांगून टाकलं. मासे मेले ते, नळ बंद केले ते, आदल्या संध्याकाळचा तिचा फोन. वहिनी फाटकाला धरून ऐकत राहिली.

"माझ्या औषधाने मेले?"

"माहीत नाही. तुझ्या असेल, वरच्याच्या असेल."

"वाफ्याने तर नाही ना मेले?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. पण मग लगेच वाटलं, की वाफा गेला तिथे गवत येईल, आणि फ्लॉवरवरचं औषध त्याच गवतात अडेल. म्हणजे नियम बरोबर. म्हणजे संन्याशाच्या फाशीने चोरी थांबेल. हे बरोबर कसं आणि चूक कसं, ते त्याला तिथे फाटकात उभं राहून उमगेना, आणि पुढेही कधी उमगलं नाही.

तेवढ्यात बायको आली. जावेचा उतरलेला चेहरा पाहून तिला खरोखरच वाईट वाटलं. "जाऊबाई, आमच्या भाजीची काळजी करू नका हं," ती मायेने म्हणाली, "आम्हाला बाजारात सगळं मिळतं."

"हो, मिळतं ना," वहिनी म्हणाली.

नियम झाला. वहिनीने वाफ्यातलं उरलंसुरलं काढलं आणि पट्टा सोडून दिला. आधी तण आलं, मग गवत, मग कुणी न लावलेली रोपटी. पिशवी यायची बंद झाली. शेजारणीने एकदोनदा विचारलं, मग तीही सशांसाठी बाजारातून आणू लागली. पेटीत नवे मासे टाकले होते, ते मजेत फिरत होते. गवतामुळे, की तशी सर पुन्हा आली नाही म्हणून, ते सांगता येत नव्हतं. साहेब म्हणाले गवतामुळे. नितळरावाला तसं म्हणवत नव्हतं आणि नाही असंही म्हणवत नव्हतं.

आणि मग एके दिवशी दूधवाल्याच्या गाडीतून पुन्हा पिशवी आली. बायकोने सवयीने दोन बोटांनी तोंड उघडलं, आत डोकावली, आणि हात घालून फ्लॉवर बाहेर काढला. पांढराशुभ्र, घट्ट, एक डाग नाही.

"बघा," ती आनंदाने म्हणाली, "शेवटी जाऊबाईंनी आपल्यालाही चांगला माल पाठवला."

नितळरावाने तो हातात घेतला. खिडकीकडे धरला, एक डोळा बारीक केला. कुठे भोक नव्हतं, कुठे काही हलत नव्हतं. त्याने फ्लॉवर ओट्यावर ठेवला आणि वहिनीला फोन लावला.

"पिशवी मिळाली," तो म्हणाला.

"रिकामी गाडी जाताना बघवेना. माझ्याकडे आता हेच आहे, म्हटलं हेच पाठवावं. नीट धुऊन घ्या, भावजी. मिठाच्या पाण्यात ठेवा थोडा वेळ."

"वहिनी, आणि तू काय खातेस आता?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. ती स्वयंपाक करत असावी.

"तेच," वहिनी म्हणाली. "तुम्ही खाता तेच."

संध्याकाळी शेजारणीने दारात येऊन विचारलं, पिशवी आलेली दिसली, सशांना काही आहे का. बायकोने आतूनच सांगितलं, "आज नाही हो. आज आम्हालाच आहे."

भाजी झाली होती. बायकोने ताट वाढलं, पाण्याचा पेला भरून शेजारी ठेवला. नितळरावाने पेला उचलला आणि खिडकीकडे न वळवताच पिऊन टाकला. मग तो जेवायला बसला.